जुगाराचा जमाखर्च

मनुष्य जुगार कां खेळतो, ह्या प्रश्नाला धर्मशास्त्रानें, नीतिशास्त्रानें आणि मानसशास्त्रानें आपापलीं उत्तरें दिलीं आहेत. इतिहासाचा प्रश्न त्याहून साधा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ह्या व्यवहाराची वही उघडून पाहिली, तर जमेच्या बाजूस कोणाचें नांव दिसतें? एका रात्रीं कोण जिंकला हें सर्वांना ठाऊक असतें. दहा वर्षांनीं कोण जिंकलेला असतो, हें विचारण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ घरोघरच्या संगणकावर आणि पुढें खिशांतल्या दूरध्वनीवर येऊन बसला. हा खेळ नित्य खेळून पोट भरतां येईल काय, असें सुशिक्षित तरुणहि गंभीरपणें विचारूं लागले. प्रश्न नवा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधावयास फार मागें जावें लागतें.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अक्षसूक्त आहे. त्यांतील कितव, म्हणजे जुगारी, फासे टाकून घरदार गमावतो आणि पुन्हा फाशांच्याच आवाजाकडे ओढला जातो. महाभारतांत द्यूताचीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेविलेलीं आहेत, आणि त्यांतील भेद मोठा बोधप्रद आहे. युधिष्ठिराला खेळाची आवड होती पण खेळाचें ज्ञान नव्हतें. शकुनीला तें होतें. दुसरें उदाहरण नलराजाचें. पुष्कराशीं खेळतांना नलानें राज्य घालविलें. पुढें बाहुक ह्या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरीं तो सारथी राहिला. वाटेंत एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें ऋतुपर्णानें नुसत्या नजरेनें मोजून दाखविलीं. नलानें आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचें मर्म, घेतलें. आणि मग पुष्कराला पुन्हा खेळावयास बोलावून एकाच डावांत राज्य परत जिंकलें. संख्येचें ज्ञान व द्यूताचें ज्ञान ह्यांची सांगड घालणारी ही कथा गणिताच्या इतिहासकारांनाहि कुतूहलाची वाटली आहे. मात्र तिच्यांतील एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. नल विद्या शिकला, एकदां जिंकला आणि पटावरून उठला. त्यानें द्यूताचा धंदा केला नाहीं.

द्यूताचा धंदा करणारा पुरुष निराळाच होता. स्मृतिग्रंथ त्याला 'सभिक' म्हणतात. सभिक म्हणजे द्यूतसभा चालविणारा, जागा देणारा, फासे पुरविणारा आणि हरलेल्याकडून जिंकलेल्याचे पैसे वसूल करून देणारा. मनूनें द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजीवरील पैज, हीं दोन्ही राज्यांतून हद्दपार करावींत असें सांगितलें. कौटिल्याची दृष्टि वेगळी होती. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत द्यूत एकाच नेमून दिलेल्या ठिकाणीं चालवावें, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, अशी व्यवस्था आहे. चोर व गुप्तपणें उपजीविका करणारे लोक अशा ठिकाणीं ओळखतां येतात, हा त्यांतील हेतु. तेथील अध्यक्षानें जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे. शिवाय फाशांचें भाडें, पाण्याचा व जागेचा आकार निराळा. याज्ञवल्क्यस्मृतींतहि सभिकाचा वाटा मोठ्या जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच आणि इतरांकडून शेंकडा दहा असा सांगितला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखालीं मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें ह्याच श्लोकांवर टीका केली, आणि ती टीका महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानली गेली.

शेंकडा पांच हा आकडा लहान दिसतो. पण तो मनांत धरून थोडें गणित केलें, तर आजच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हातीं येतें. दोन सारख्याच कुशल माणसांनीं प्रत्येकीं शंभर नाणीं घेऊन बसावें व दर डावास एक नाणें लावावें. दर डावांत कोणी तरी एक नाणें जिंकतो, आणि त्याचा विसावा भाग अध्यक्षाकडे जातो. वीस डावांत एक नाणें, हजार डावांत पन्नास नाणीं. चार हजार डाव होईपर्यंत दोघांचीं मिळून दोनशें नाणीं अध्यक्षाच्या पेटींत गेलेलीं असतील. ह्या काळांत दोघेहि शेंकडों वेळां जिंकले असतील, कोणी कोणास फसविलें नसेल, आणि तरी दोघेहि रिकाम्या हातानें उठतील.

आतां त्यांतील एक अधिक कुशल आहे असें समजूं. शंभर डावांत तो एक्कावन्न जिंकतो. तरीहि तो तोट्यांतच राहतो. कारण एक्कावन्न नाण्यांतून सभिकाचा वाटा गेल्यावर साडेअठ्ठेचाळीसच्या आंतच हातीं येतात आणि एकोणपन्नास गमावलेलीं असतात. शंभरांत सव्वा एक्कावन्नाहून कांहींसे अधिक डाव जिंकणाराच नफ्याच्या बाजूस येतो. म्हणजे कौशल्यानें प्रतिपक्षाला जिंकणें पुरेसें नाहीं. प्रतिपक्ष आणि सभिक अशा दोघांनाहि एकाच वेळीं जिंकावें लागतें.

युरोपांत ह्या गणिताला शास्त्राचें रूप येण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें. १६५४ सालीं पास्कल व फर्मा ह्या दोघां फ्रेंच गणितज्ञांनीं अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वाटावी ह्यावर पत्रव्यवहार केला. १६५७ सालीं ह्यूगेन्सनें आपल्या ग्रंथाच्या शेवटीं जुगाऱ्याच्या सर्वनाशाचा प्रश्न घातला. त्याचें तात्पर्य असें कीं, खेळ अगदीं समसमान असला तरी ज्याची थैली लहान तो आधीं बुडतो. शंभर नाण्यांचा धनी दहा हजार नाण्यांच्या धन्याशीं शेवटपर्यंत खेळत राहिला, तर एकशें एकांतून शंभर वेळां तोच निष्कांचन होईल.

मुंबईच्या इतिहासांत ही वही फारच ठळक अक्षरांनीं लिहिलेली आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कलकत्त्यास सरकारी लिलांवांत पाटण्याची अफू काय भावानें जाईल, ह्यावर मुंबईचे व्यापारी मोठमोठ्या पैजा लावीत. अफूचा एक तुकडाहि हातीं न घेतां केवळ भावाच्या फरकाची देवघेव होई. अशाच एका पैजेचा, रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजमल धोंडमल हा खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. इंग्लंडांत १८४५ च्या कायद्यानें पैजेचे करार रद्द ठरले होते. पण तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. म्हणून न्यायाधीशांना नाइलाजानें पैजेचे पैसे वसूल होऊं शकतात असा निर्णय द्यावा लागला. त्याच १८४८ सालीं हिंदुस्थान सरकारनें एकविसावा कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरविले.

तरी सभिकाला त्यानें बाध आला नाहीं. मुख्य करार रद्द झाला, पण दलाली, मुखत्यारी आणि पैजेसाठीं दिलेलें कर्ज ह्यांच्या फिर्यादी चालूच राहिल्या. तेवढ्यांत १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईच्या संपत्तींत सुमारें ८ कोटी १० लाख पौंडांची भर पडली असा हिशेब पुढें सांगितला जाई. हा पैसा नव्या कंपन्यांच्या भागांत शिरला. बॅक बे कंपनीच्या पांच हजार रुपयांच्या भागाचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या शब्दावर बँका कर्जें देत. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरतांच देणेंकऱ्यांची रांग लागली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. दिनशा वाच्छा ह्यांनीं ह्या पर्वाचें वर्णन पुढें ग्रंथरूपानें लिहून ठेविलें आहे. त्याच १८६५ सालीं मुंबई कायदेमंडळानें तिसरा कायदा करून पैजेच्या आनुषंगिक व्यवहारांच्या, म्हणजे दलालीच्या आणि कर्जाच्या, फिर्यादीहि बंद केल्या. कायद्याचा रोख खेळणाऱ्यावरून खेळविणाऱ्याकडे वळल्याची ही पहिली स्पष्ट खूण होय.

ह्यानंतर १८८७ चा मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा आला. त्याची सारी उभारणी 'जुगाराचें घर' ह्या कल्पनेवर होती. भिंती, चटई, पत्ते, फासे, आणि छापा घालणारा पोलीस अंमलदार असें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें होतें. निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र त्यानें वगळले. मुंबईकरांनीं लगेच चटईवांचूनचा जुगार पुढें आणला. ठरलेल्या मुदतींत ठरलेला पाऊस पडेल कीं नाहीं ह्यावर सट्टा चाले. १८८९ सालीं उच्च न्यायालयानें ही पैज कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निकाल दिला. म्हणून १८९० सालीं दुरुस्ती करून पावसाचा सट्टाहि कायद्यांत ओढावा लागला.

हाच कायदा पुढें मुंबई इलाख्याचा, मग मुंबई राज्याचा, आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांचा वारसा झाला. नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाला नर्मदेच्या दक्षिण तीरावर मणिबेली हें गांव आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्रांत सर्वांत आधीं गांठलेलें गांव म्हणून तें सर्वांस माहीत झालें. तेथील शूलपाणेश्वराचें प्राचीन मंदिर १९९४ सालीं पाण्याखालीं गेलें. त्याच्या पैलतीरावर गुजरातची हद्द आहे. १९६० पूर्वीं दोन्ही तीर एकाच राज्यांत होते, आणि नंतरहि दोन्ही तीरांवर १८८७ चींच कलमें, केवळ कायद्याचें नांव बदलून, लागू राहिलीं. घराच्या भिंती पाहून जुगार ओळखणारा कायदा मणिबेलीसारख्या सीमेवर निदान समजण्याजोगा होता. ज्या तीरावर अड्डा, त्या तीराचा पोलीस. पुढें असा काळ आला कीं अड्डा कोणत्याच तीरावर नव्हता.

तत्पूर्वीं मुंबईनें आपला सर्वांत प्रसिद्ध जुगार जन्मास घातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतांनाचे व बंद होतांनाचे भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ सालीं ते भाव मिळण्याची पद्धत बंद पडली. सट्टेवाल्यांनीं मग आकडा मुंबईंतच निर्माण करण्याची युक्ति काढली. शून्यापासून नऊपर्यंतच्या चिठ्ठ्या मडक्यांत घालून एक काढावयाची. म्हणून नांव पडलें मटका. १९६२ सालीं कल्याणजी भगत ह्यांचा वरळी मटका व १९६४ सालीं रतन खत्री ह्यांचा न्यू वरळी मटका सुरू झाला. पुढें चिठ्ठ्यांच्या जागीं पत्ते आले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, आणि एकंस्थानचा अंक जाहीर करावयाचा. पहिला अंक 'ओपन', रात्रीं उशिरां निघणारा दुसरा 'क्लोज'.

गिरणगांवांतील कामगार, हमाल, फेरीवाले चार आणे, आठ आणे, रुपया लावीत. अंक दहा, आणि एका अंकास मिळणारा प्रचलित भाव नऊ पट. दहा माणसांनीं दहा अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये गोळा होतात, नऊ वांटले जातात आणि एक चालविणाऱ्यापाशीं राहतो. कौटिल्याच्या अध्यक्षाहून हा वाटा दुप्पट झाला. रोज एक रुपया लावणारा कामगार वर्षांत तीनशें रुपये लावील आणि सरासरीनें दोनशें सत्तर परत मिळवील. पण परत मिळालेले रुपये तो पुन्हा लावतो, म्हणून घरीं त्यांतील फार थोडे पोहोंचतात. मागील आकड्यांचे तक्ते मांडून उद्यांचा आकडा काढणारेहि होते. मडक्याला काल काय निघालें ह्याचें स्मरण नसतें, हें त्या तक्त्यांत कोठेंहि लिहिलेलें नसे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थंडावले आणि मटक्याचाहि मुख्य आधार खचला. दीर्घकाळच्या नफ्याच्या यादींत मटका खेळणाऱ्याचें नांव उमटल्याचें आढळत नाहीं. चालविणाऱ्यांचीं नांवें मात्र साऱ्या शहराला पाठ होतीं.

पोकरचा पक्ष घेणारे म्हणतात कीं, मटक्याशीं त्याची तुलना करणें अन्याय आहे. आणि त्यांत तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लीन्स व मिसिसिपी नदीवरील बोटींत वाढलेला हा खेळ निव्वळ नशिबाचा नाहीं. कोणते पत्ते टाकावे, केव्हां रक्कम वाढवावी, केव्हां हातांत कांहीं नसतां असल्याचा आव आणावा, ह्यांत बुद्धीला वाव आहे. जॉन फॉन न्यूमन ह्यांनीं १९२८ सालीं खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घातला, आणि १९४४ सालीं मॉर्गेनस्टर्न ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरमधील ह्या खोट्या आवाला स्वतंत्र विवेचन दिलें. २०१९ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांच्या 'प्लुरिबस' ह्या संगणकीय खेळाडूनें सहा जणांच्या डावांत धंदेवाईक खेळाडूंवर मात केली. केवळ नशिबाच्या खेळांत यंत्रालाहि असें शहाणपण दाखवितां आलें नसतें.

तेव्हां कौशल्य आहे. प्रश्न आहे तो नफ्याचा. जाळ्यावर पैसे लावून पोकर खेळण्याची सोय १९९८ सालीं सुरू झाली. २००३ सालीं ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस अल्प प्रवेशमूल्याच्या ऑनलाइन स्पर्धेंतून अमेरिकेच्या जागतिक स्पर्धेंत पोहोंचला व त्यानें २५ लाख डॉलर जिंकले. त्या स्पर्धेंत ८३९ खेळाडू होते. जगानें एकाचें नांव लक्षांत ठेविलें. उरलेल्या ८३८ जणांनींच ती रक्कम भरली होती. पोकरमध्यें घराबाहेरून पैसा येत नाहीं. शेती पिकते, गिरणी कापड विणते. पोकरच्या पटावर मात्र जेवढें एकाच्या हातीं येतें तेवढेंच दुसऱ्याच्या हातून गेलेलें असतें, आणि मध्यें पट चालविणारी कंपनी दर डावांतून आपला वाटा काढून घेते. खेळाडू त्यास 'रेक' म्हणतात. तो बहुधा शेंकडा पांचाच्या आसपास असतो. कौटिल्याचा अध्यक्ष नाव बदलून परत आला, इतकेंच.

नफ्याच्या मार्गांत दुसरा अडथळा दैवाच्या चढउतारांचा. समजा, एखादा खरोखर निष्णात खेळाडू रेक जाऊन दर शंभर डावांस सरासरीनें पांच एकक मिळवितो. पण त्याच शंभर डावांत नशिबामुळें होणारा चढउतार सुमारें नव्वद एककांचा असतो. डाव वाढतील तसा नफा त्याच प्रमाणांत वाढतो आणि चढउतार वर्गमुळाच्या प्रमाणांत. दहा हजार डावांनंतर अपेक्षित नफा पांचशें एकक आणि चढउतार नऊशें. म्हणजे अशा निष्णातांपैकीं दर दहांत जवळजवळ तिघे दहा हजार डाव खेळूनहि तोट्यांतच असतील. उलट, अनेक अडाणी खेळाडू तितक्याच काळांत नफ्यांत दिसतील आणि स्वतःस निष्णात समजतील. प्रत्यक्ष बैठकीवर तासास तीसेक डाव होतात. दहा हजार डावांना तेथें सव्वातीनशेंहून अधिक तास लागतात. जाळ्यावर एकाच वेळीं अनेक पट मांडून तेंच कांहीं आठवड्यांत उरकतें. त्यामुळें कुशल माणसाचा नफा लवकर स्पष्ट होतो हें खरें. पण अकुशलाची थैलीहि त्याच वेगानें रिकामी होते. आणि ज्याच्या हरण्यावर कुशलाचा नफा उभा, तो उठून गेला म्हणजे पटावर कुशलच कुशलांसमोर उरतात, व त्यांच्यांतील फरक रेकपुढें टिकत नाहीं.

भारतांत ह्या हिशेबांत आणखी दोन आंकडे पडले. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर शेंकडा तीस आयकर लागू झाला, आणि एका वर्षाचें नुकसान पुढील वर्षाच्या नफ्यांतून वळतें करण्याची सोय त्यांत नव्हती. ज्या धंद्यांत निष्णातासहि तोट्याचीं वर्षें यावयाचींच, तेथें ही अट फार जड. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तु व सेवा कर कंपनीच्या वाट्यावर न राहतां खेळाडूनें भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेंकडा अठ्ठावीस ह्या दरानें आला. पूर्वीं शेंकडा पांचाच्या धारेवर चालणारा नफा आतां तितकाहि राहिला नाहीं.

न्यायालयांत वाद चालला तो मात्र कौशल्य कीं दैव ह्याच मुद्यावर. मुंबई राज्यांतील चमारबागवाला ह्यांच्या बक्षीसस्पर्धांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं, ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून ते खेळ जुगार नव्हेत, हें तत्त्व मान्य केलें. १९६८ सालीं रमी व १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यती ह्यांना त्याचा लाभ मिळाला. पोकरच्या बाबतींत निकाल फुटले. डिसेंबर २०१७ मध्यें गुजरात उच्च न्यायालयानें १८८७ च्या त्याच कायद्याखालीं पोकर जुगारच ठरविला. नोव्हेंबर २०२३ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें रमी व पोकर हे कौशल्याचे खेळ मानले. मणिबेलीच्या पैलतीरावर एक न्यायालय आणि दूर दक्षिणेंत दुसरें, असा हा मतभेद होता. आणि पट तर दोन्हीकडे एकाच क्षणीं मांडलेला.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा केला; २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्यानें कौशल्य व दैव हा शंभर वर्षांहून जुना भेदच बाजूस सारला. पैसे भरून पैसे मिळविण्याच्या आशेनें खेळावयाचा कोणताहि ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरला. शिक्षा कोणास, हें पाहण्याजोगें आहे. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास कांहींच नाहीं. त्यास गुन्हेगार न मानतां बळी मानलें गेलें.

येथें इतिहासाचें एक वर्तुळ पुरें होतें. कौटिल्यानें सभिकाला राजाचा अधिकारी करून शेंकडा पांच राजकोशांत आणले. १८६५ च्या मुंबईनें त्याची दलाली बुडविली. २०२५ च्या कायद्यानें त्यास गुन्हेगार ठरविलें. तीनहि राज्यकर्त्यांनीं पटावर कोण जिंकतो ह्यापेक्षां पट कोण मांडतो इकडे लक्ष दिलें, कारण वहीच्या जमेच्या बाजूस तेंच एक नांव कायमचें होतें. निष्णात खेळाडूंपैकीं थोडेजण कांहीं काळ नफ्यांत राहिले हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या प्रत्येकाच्या मागें पगाराचा रुपया घेऊन बसलेलीं अनेक माणसें उभीं आहेत, आणि त्यांचा तोटा कोणत्याहि बाजाराच्या भावांत नव्हे, तर घरच्या धान्याच्या डब्यांत मोजावा लागतो. दीर्घकाळच्या हिशेबांत त्यांचा रकाना नेहमींच खर्चाच्या बाजूस राहिला आहे.